भोळ्याचा विरुद्धार्थी

कुंभकोणमहून तंजावरकडे जाणारी पॅसेंजर दारासुरम आणि स्वामिमलै मागे टाकते आणि पापनाशम यायच्या आधी सुंदरपेरुमाळ कोयिल नावाच्या लहानशा स्टेशनावर थांबते. पेरुमाळ म्हणजे विष्णू आणि कोयिल म्हणजे देऊळ, तेव्हा गावाचं नावच देवळाचं. कावेरीच्या फाट्यांनी भिजवलेला हा सगळा पट्टा भाताचा, केळीचा आणि गोपुरांचा. इथे कुठल्याही दिशेला नजर टाकावी तर झाडांच्या वर एखादं गोपुर दिसतंच. बाहेरचा यात्रेकरू मात्र मोठ्या नावांच्या ओढीनं पुढे निघून जातो.

या गावच्या सौंदरराज पेरुमाळाच्या देवळात तिरुमंगै आळ्वार या वैष्णव संताची पंचधातूची मूर्ती होती. सोळाव्या शतकातली, साधारण दोन फूट उंचीची, हातात तलवार आणि ढाल. १९५७ साली पाँडिचेरीच्या फ्रेंच संशोधकांच्या दफ्तरासाठी तिचा फोटो घेतला गेला. १९६७ साली ती मूर्ती लंडनला सदबीजच्या लिलावात उभी होती, आणि तिथून ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात गेली. संग्रहालयानं ती उघडपणे, पैसे मोजून घेतली. गावातून कुणी ओरड केली नाही, कारण आळ्वारांची जागा रिकामी नव्हतीच. तिथे एक मूर्ती उभी होती. तिला स्नान घातलं जात होतं, नैवेद्य दाखवला जात होता.

नोव्हेंबर २०१९मध्ये एका अभ्यासकानं १९५७चा फोटो आणि ऑक्सफर्डची मूर्ती यांच्यातलं साम्य संग्रहालयाच्या नजरेला आणून दिलं. संग्रहालयानं ते दडपलं नाही. डिसेंबरात स्वतःहून भारतीय वकिलातीला कळवलं. पुढे २०२०मध्ये इकडे तक्रार नोंदली गेली आणि तमिळनाडू पोलिसांच्या मूर्तिचोरी शाखेनं तपास सुरू केला. एकट्या आळ्वारांची गोष्ट नव्हती. कालियामर्दन कृष्ण, विष्णू आणि श्रीदेवी यांच्याही मूळ मूर्ती गेल्या असून त्यांच्या जागी नकला असल्याचं शाखेचं म्हणणं पडलं. त्या तिघांचा माग अमेरिकेपर्यंत लागला. मार्च २०२४मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठानं आळ्वारांची मूर्ती भारताला परत करण्याच्या बाजूनं निर्णय दिला.

म्हणजे निदान पन्नास वर्षं हे गाव नकलेपुढे हात जोडत होतं. हे ऐकलं की आपल्या तोंडून पहिला शब्द येतो तो ठरलेला: भोळी माणसं.

हा शब्द आपण फार सहज वापरतो. लहानपणी शाळेत समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्दांचे तक्ते पाठ करायला असत. त्यात 'भोळा' या शब्दासमोर 'लबाड' असं लिहिलेलं असे. गुण मिळवायला ते पुरेसं होतं. पण जगात वावरताना लक्षात येतं की या तक्त्याच्या दोन्ही बाजू लंगड्या आहेत. चटकन विश्वास ठेवणाऱ्याला मराठीत एक नाव नाही, दहा आहेत, आणि त्या दहांत समानार्थी म्हणावेत असे दोनसुद्धा नाहीत.

भोळा म्हणताना आपल्या आवाजात माया असते. महादेव भोळा, कारण तो भस्मासुराला मागेल तो वर देऊन बसतो आणि मग स्वतःच पळत सुटतो. तरी त्याला कुणी मूर्ख म्हणत नाही. भाबडा म्हणताना थोडी कणव मिसळते. भोळसट म्हटलं की हसू येतं, आणि बावळट म्हणजे थेट चापट. साधाभोळा हे लग्नाच्या बाजारातलं प्रमाणपत्र आहे. भाविक, श्रद्धाळू हे शब्द जत्रेच्या बातमीत शोभतात, अंधभक्त हा भांडणात. हलक्या कानाचा हा शब्द कधी गरिबाला लावलेला ऐकला आहे का? तो नेहमी साहेबाला, पाटलाला, सासूला लागतो. ज्याच्या ऐकण्यानं दुसऱ्याचं नुकसान होऊ शकतं, त्याला. गाफील हा शब्द रखवालदाराचा. आणि सगळं दिसत असून न दिसल्यासारखं करणाऱ्यासाठी आपण म्हणतो, डोळ्यांवर कातडं ओढून बसलाय.

हे सगळेजण विश्वास ठेवतात, किंवा ठेवल्याचं दाखवतात. फरक विश्वासात नाही. फरक आहे तो तपासण्याची सोय कुणाकडे होती यात. ज्याच्याकडे तपासायला काही साधनच नव्हतं, तो भोळा. तपासणं हे ज्याचं काम होतं आणि ज्यानं ते केलं नाही, तो गाफील. ज्याच्याकडे साधनं होती, वेळ होता, विद्या होती, पण तपासलं तर व्यवहार मोडेल म्हणून ज्यानं तपासलं नाही, त्याच्या डोळ्यांवर कातडं. मूर्तिचोरीच्या या प्रकरणांत ही तिन्ही माणसं भेटतात, आणि आपण शिक्का मात्र पहिल्यावरच मारतो.

गावकऱ्याची बाजू पाहू. देवळात तो मूर्ती पाहतो म्हणजे किती पाहतो? दक्षिणेत उत्सवमूर्ती वस्त्रांनी, दागिन्यांनी, फुलांच्या जाड हारांनी मढलेली असते. समईच्या उजेडात चेहरा आणि हात तेवढे दिसतात. गाभाऱ्यात पुजाऱ्याशिवाय कुणी जात नाही. मूर्ती हातात घेऊन उलटी करून पाहणं, तळाची खूण पाहणं, पाठीवरचा ओतीव धातूचा पोत तपासणं हे त्याच्या वाट्याला येतच नाही, आणि आलं तरी त्याला ते पाप वाटेल. दर्शन या शब्दात पाहणं आहे खरं, पण ते डोळ्याला डोळा भिडवण्याचं पाहणं आहे; पंचनाम्याचं नाही. किल्ल्या दुसऱ्याकडे, हिशोब दुसऱ्याकडे, आणि नमस्कार तेवढा याच्याकडे. त्यानं विश्वास ठेवला तो दगडाधातूवर नव्हे, किल्ल्या ज्यांच्याकडे होत्या त्या माणसांवर आणि त्या व्यवस्थेवर. गाव म्हणून राहायचं तर हा विश्वास ठेवावाच लागतो.

कायदासुद्धा इथे गमतीशीर आहे. भारतातल्या न्यायालयांनी प्रतिष्ठित मूर्तीला व्यक्ती मानलं आहे. तिच्या नावावर जमीन असते, ती दावा लावू शकते. पण ही व्यक्ती कायद्यानं कायमची अज्ञान आहे, म्हणजे कधीही सज्ञान न होणारं मूल. तिच्या वतीनं पाहायला पालक लागतो. पत्तूर नावाच्या गावचा नटराज लंडनमध्ये सापडला तेव्हा इंग्लंडच्या कोर्टात दावा सांगणाऱ्यांत त्या गावचं पडकं देऊळही होतं. १९९१ साली अपील कोर्टानं देवळाच्या बाजूनं निकाल दिला आणि नटराज भारतात परतला. देव अज्ञान आहे हे एकदा मान्य केलं की भोळेपणाचा प्रश्न भक्ताला विचारायचा नसतो, पालकाला विचारायचा असतो.

सुंदरपेरुमाळ कोयिलच्या आळ्वारांबाबत तर नियतीनं जास्तच थट्टा केली आहे. तिरुमंगै आळ्वार हे बारा आळ्वारांतले शेवटचे, आणि परंपरा सांगते त्याप्रमाणे ते दरोडेखोर होते. आधी चोळांचे सरदार. रोज हजारावर वैष्णवांना जेवू घालायचं व्रत घेतलं, त्यात राजाला द्यायचा कर खर्च झाला, मग वाटमारी सुरू केली. शेवटी खुद्द विष्णू लक्ष्मीसह नवरा-नवरीच्या वेशात वऱ्हाड घेऊन त्या वाटेनं आला. आळ्वारांनी सगळं लुटलं, पायाच्या बोटातलं वळं निघेना म्हणून ते दातांनी ओढून काढलं. पण गाठोडं काही उचलेना. कुठला मंत्र टाकलास, असं दरडावून विचारल्यावर नवऱ्या मुलानं कानात अष्टाक्षरी मंत्र सांगितला, आणि दरोडेखोराचा संत झाला. श्रीरंगमला वैकुंठ एकादशीच्या उत्सवात ही लूट आजही साग्रसंगीत साजरी होते. एवढंच नाही. श्रीरंगमच्या बांधकामाला पैसा हवा म्हणून याच आळ्वारांनी नागपट्टिणमच्या विहारातली बुद्धाची सोन्याची मूर्ती पळवली, अशीही कथा वैष्णव परंपरेतच अभिमानानं सांगितली जाते.

मूर्ती चोरणाऱ्या संताचीच मूर्ती चोरीला गेली. पण या कथेत एक बारीक जागा आहे, आणि मला ती महत्त्वाची वाटते. आळ्वार लुटारू असताना त्यांनी देवाला देव म्हणून ओळखलं नाही; त्यांना फक्त दागिने दिसले. ओळखलं ते गाठोड्याचं वजन लागल्यावर. हाताला ओझं उचललं गेलं नाही, तेव्हा डोळे उघडले. श्रद्धेची सुरुवात इथे वजनापासून झाली आहे.

वजनावरून आठवलं. आमच्या आजीच्या देव्हाऱ्यात खंडोबाचे आणि भवानीचे चांदीचे टाक होते. वर्षानुवर्षांच्या घासण्यानं टाक झिजतात, नाकडोळे पुसट होतात, मग ते सोनाराकडे देऊन पुन्हा घडवून घेण्याची रीत आहे. आजी देवभक्त इतकी की टाक देव्हाऱ्यातून हलवण्याआधी त्यांची क्षमा मागायची. पण सोनाराच्या दुकानात पाऊल टाकलं की पहिलं वाक्य, "तोल." ते वजन घरी येऊन भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे, दुधाच्या हिशोबाशेजारी पेन्सिलीनं लिहिलं जायचं. सोनार पिढ्यांचा ओळखीचा. तो एकदा हसून म्हणाला, "काकू, आमच्यावर विश्वास नाही होय?" आजी म्हणाली, "विश्वास आहे म्हणून तर तुझ्या दुकानी आले. आता तोल." तिच्या लेखी या दोन गोष्टींत विरोध नव्हता. ती सोनाराला लबाड समजत नव्हती, देवाला चांदीचा तुकडाही समजत नव्हती. उद्या कुणी विचारलं तर आपल्याकडे उत्तर असावं, एवढंच तिचं म्हणणं.

आजीनं जे केलं ते शिवपुरमला कुणी केलं नाही. शिवपुरम हेही कुंभकोणमच्या जवळचं गाव. १९५१ साली तिथे शेत नांगरताना चोळकाळातल्या काही मूर्ती सापडल्या. त्यात एक अप्रतिम नटराज होता. सरकारनं त्या देवळाच्या स्वाधीन केल्या. काही वर्षांनी नटराज डागडुजीसाठी कारागिराकडे गेला आणि परत आला. परत आला तो दुसराच होता. मूळ मूर्ती मुंबईच्या संग्राहकांच्या हाती पोचली होती.

ज्यांनी नकला घडवल्या त्यांची विद्याही इथलीच. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या शेजारचं स्वामिमलै हे स्थपतींचं, म्हणजे मूर्ती ओतणाऱ्या कारागिरांचं गाव. आधी मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर कावेरीच्या बारीक गाळाचा लेप द्यायचा, तापवून मेण काढून टाकायचं, त्या पोकळीत धातू ओतायचा आणि मग साचा फोडायचा. साचा फुटतो म्हणून दुसरी मूर्ती हुबेहूब तीच कधीच होत नाही. बोटांची ठेवण, ज्वालांची संख्या, पायाखालच्या असुराचा चेहरा, कुठेतरी फरक उरतोच. म्हणजे फसवणूक पकडायची सोय त्या पद्धतीतच आहे. पकडायला दोन्ही मूर्ती शेजारी हव्यात, किंवा एक मूर्ती आणि दुसरीचा फोटो.

शिवपुरमचा फरक पकडला तो ब्रिटिश म्युझियमच्या डग्लस बॅरेट यांनी. सुरुवातीच्या चोळ ब्राँझ मूर्तींवरचं त्यांचं पुस्तक १९६५ साली निघालं, आणि देवळातला नटराज मूळ नसून मूळ मूर्ती मुंबईत खाजगी संग्रहात आहे हे त्यातून उघड झालं. पुस्तक छापील होतं, विकत मिळत होतं, या विषयातला प्रत्येक माणूस ते वाचत होता. तरी मूर्ती मुंबईतून अमेरिकेला गेली आणि १९७३ साली कॅलिफोर्नियाच्या नॉर्टन सायमन यांच्या प्रतिष्ठाननं ती नऊ लाख डॉलरना घेतली. सायमन यांनी त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राला सांगितलं की आपण घेतलेल्या आशियाई कलावस्तूंतल्या बहुतेक चोरट्या मार्गानं आलेल्या आहेत. पुढे त्यांनी हे विधान नाकारलं. भारत सरकार कोर्टात गेलं, १९७६ साली तडजोड झाली, दहा वर्षं मूर्ती तिकडे दाखवून १९८६ साली नटराज मायदेशी आला.

कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनाचं उदाहरण ताजं आहे. अरियलूर जिल्ह्यातल्या श्रीपुरंदानच्या देवळातून नटराज २००६ साली चोरीला गेला आणि न्यूयॉर्कचा दलाल सुभाष कपूर यानं २००८ साली तो पन्नास लाख डॉलरना त्या कलादालनाला विकला. सोबत कागद होते. मूर्ती कितीतरी आधीच भारताबाहेर गेली होती असं ते कागद सांगत होते. कागद बनावट निघाले, २०१४ साली ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी ती मूर्ती भारतात आणून परत दिली. कपूरला २०२२ साली दुसऱ्या एका देवळातल्या मूर्तिचोरीबद्दल दहा वर्षांची शिक्षा झाली. निकाल देणारं कोर्ट कुंभकोणमचं होतं.

आता पुन्हा विचारावं, यातलं भोळं कोण? शेतावरून येऊन उंबऱ्यावर डोकं टेकणारा सुंदरपेरुमाळ कोयिलचा माणूस, की तज्ज्ञ, वकील, प्रयोगशाळा आणि ग्रंथालय हाताशी असून दलालाच्या एका कागदावर विसंबणारं कलादालन? गावकऱ्याच्या श्रद्धेला आपण आंधळी म्हणतो. पण दुसऱ्या बाजूची श्रद्धा कागदावर होती, आणि तो कागद खरा ठरण्यात तिचा फायदा होता. फायद्यासाठी ठेवलेल्या विश्वासाला भोळेपणा म्हणणं हा भोळ्या माणसांचा अपमान आहे.

महाराष्ट्रात श्रद्धा आणि अंधश्रद्धा ही जोडी आपण चांगलीच घोळवली आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९ साली स्थापन झाली, नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ साली खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा आला. तो वाद मोलाचा आहे. पण त्याच्या धुरळ्यात आपण एक गैरसमज करून बसलो आहोत, की विश्वास ठेवणाऱ्याच्या समोर उभा राहतो तो संशय घेणारा. भोळा विरुद्ध संशयी. या मापानं पाहिलं तर सुंदरपेरुमाळ कोयिलच्या माणसांनी पुजाऱ्यावर, विश्वस्तांवर, एकमेकांवर संशय घ्यायला हवा होता.

संशयाचा रस्ता तमिळनाडूनं चालून पाहिलेला आहे. चोऱ्या वाढल्या तशा खेड्यांतल्या देवळांतल्या पंचधातूच्या मूर्ती काढून सरकारी मूर्तिकेंद्रांत ठेवल्या गेल्या. तिरुवारूरच्या केंद्रात अशा हजारो मूर्ती आहेत. दारं मजबूत, कुलपं भक्कम, आत देव ओळीनं उभे. सणाला एखादी मूर्ती बंदोबस्तात गावी जाते आणि परत येते. परदेशातून परतलेला शिवपुरमचा नटराजही गावच्या गाभाऱ्यात गेला नाही, सुरक्षिततेसाठी बंदोबस्तातच राहिला. चोरापासून मूर्ती वाचते हे खरं. पण गावाकडचं देऊळ रिकामं होतं, आणि गावाचा आपल्या देवावरचा हक्क नुसता कागदावर उरतो. संशयानं चोर पकडला जात नाही. सगळ्यांनाच चोर धरून व्यवस्था लावली जाते.

मग भोळ्याचा खरा विरुद्धार्थी कोण? माझं उत्तर असं आहे, की तो नोंद ठेवणारा. संशयी माणसाला समोरच्याचं मन वाचायचं असतं. नोंद ठेवणारा फक्त वस्तू मोजून लिहून ठेवतो आणि मग निर्धास्त विश्वास ठेवतो. सुंदरपेरुमाळ कोयिलचे आळ्वार कुणाच्या संशयानं ओळखले गेले नाहीत. १९५७ साली पाँडिचेरीच्या माणसांनी फोटो काढला तेव्हा त्यांच्या मनात चोरीचा विचारही नव्हता. ते गावोगाव फिरून देवळांची आणि मूर्तींची छायाचित्रं जमवत होते. त्या संग्रहात आज लाखाच्या वर छायाचित्रं आहेत. साठ वर्षांनी त्यातलं एक उपयोगी पडलं.

आणि ही काही साहेबाकडून शिकायची गोष्ट नाही. या भूमीला ती हजार वर्षं ठाऊक आहे. सुंदरपेरुमाळ कोयिलहून तीच गाडी पुढे तंजावरला जाते. तिथलं बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळानं १०१०च्या सुमारास पुरं केलं. त्याच्या भिंतींवर राजानं, त्याच्या बहिणीनं, राण्यांनी, अधिकाऱ्यांनी दिलेल्या मूर्तींची यादी कोरलेली आहे. कुठली मूर्ती, उंची किती मुळम आणि किती बोटं, हात किती, पीठ कसलं, अंगावर दागिना कोणता, त्यात मोती किती, त्यांतले गोल किती. सोनं ज्या प्रमाण वजनानं तोललं त्या वजनाचं नाव होतं आडवल्लान, म्हणजे नाचणारा. नटराजाचंच नाव. देवाच्या नावाचं वजन घेऊन देवाचं सोनं तोललं, आणि ते देवाच्या भिंतीवर लिहिलं. राजराजाच्या भक्तीबद्दल कुणी शंका घेईल? पण त्याला यादी करणं हा भक्तीत कमीपणा वाटला नाही. त्या मूर्तींतल्या बहुतेक आज उरलेल्या नाहीत. तरी काय काय होतं ते आपल्याला अंगुळांच्या हिशोबात माहीत आहे.

त्याच देवळाच्या भिंतीवर १८०३ साली आपल्या माणसानं मराठीत लिहून ठेवलं. १६७६पासून १८५५पर्यंत तंजावरवर भोसल्यांचं राज्य होतं आणि कुंभकोणमचा हा सगळा मुलूख त्यात होता. दुसऱ्या सरफोजी राजांनी भोसले वंशाचा सगळा इतिहास देवनागरी अक्षरांत तिथे कोरवून घेतला. हे राजे काशीयात्रेला गेले, देवळं जपली, आणि त्याच हातांनी सरस्वती महाल ग्रंथालय वाढवलं, डोळ्यांच्या रुग्णांच्या उपचारांच्या चित्रांसह नोंदी ठेवल्या. १८०५ साली छापखाना काढला आणि पुढच्याच वर्षी इसापनीतीचा मराठी अनुवाद 'बालबोध मुक्तावली' छापला. इसापच्या कितीतरी गोष्टींत गोड बोलण्याला भुलून कुणीतरी तोंडचा घास गमावतं. तंजावरच्या मराठी मुलांच्या हाती छापील पुस्तक म्हणून पडलं ते असं. दरबाराचे मोडीतले कागद रुमालांत बांधून ठेवलेले आजही तंजावरला आहेत. खर्च, इनाम, देवस्थानं, सणवार, सगळं त्यांत आहे. श्रद्धाळू राजाचं दफ्तर असं असतं.

नोंदीच्या मर्यादाही मान्य करायला हव्यात. श्रीवर्धनजवळच्या दिवेआगरला १९९७ साली बागेत गणपतीचा सोन्याचा मुखवटा सापडला. त्याचे फोटो घरोघरी होते. २०१२च्या मार्चमध्ये दरोडा पडला, दोन रखवालदारांचा जीव गेला आणि चोरांनी मुखवटा वितळवला. दरोड्यापुढे वही काय करणार? वही दरोडा थांबवत नाही. पण अदलाबदल थांबवते, लिलाव थांबवते, आणि हरवलेली वस्तू परत मागायला तोंड देते. बाजारात मूर्ती विकायची तर ती कुणाची नाही असं दाखवावं लागतं. फोटो असला की ते दाखवता येत नाही.

आणि चिकित्सेनं श्रद्धा मोडते ही भीतीही खरी नाही. पंढरपूरच्या विठ्ठलाची आद्य मूर्ती माढ्याला असल्याचं रा. चिं. ढेरे यांनी मांडलं. 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४ साली आलं, वाद झाले, लेख झाले. पालख्या मात्र दर आषाढीला पंढरपूरच्याच वाटेनं निघतात. अभ्यासकानं आपलं काम केलं, वारकऱ्यानं आपलं केलं. दोघांपैकी कुणी भोळं नव्हतं, आणि कुणी लबाडही.

म्हणून सुंदरपेरुमाळ कोयिलच्या माणसांना भोळं म्हणून हसायचा हक्क आपल्याला नाही. आपल्याकडच्या किती गावांत ग्रामदेवतेच्या मुखवट्याचं वजन लिहिलेलं आहे? पालखीतल्या चांदीच्या, उत्सवातल्या पितळी मूर्तींची उंची कुणाला सांगता येईल? शंभर वर्षांपेक्षा जुन्या मूर्तींना १९७२चा पुरावशेष कायदा लागू आहे, पण कायदा गावात येतो तो चोरीनंतर, आणि आल्यावर पहिला प्रश्न विचारतो, फोटो आहे का?

त्या प्रश्नाचं उत्तर आधीच तयार ठेवता येईल. जत्रा कमिटीत, विश्वस्तांत, निदान ओळखीत तुमचा कुणी असेल तर यंदा उत्सवाआधी एक काम करून घ्या. गुरवाला किंवा पुजाऱ्याला विश्वासात घेऊन, वस्त्रं उतरवलेली असतील त्या वेळी, प्रत्येक मूर्तीचे समोरून, पाठीमागून, दोन्ही बाजूंनी आणि तळाकडून फोटो काढा. शेजारी मोजपट्टी ठेवा. वजन होत असेल तर करा. कुठे चीर असेल, बोट तुटलेलं असेल, अक्षरं असतील तर त्यांचा जवळून वेगळा फोटो घ्या. मूर्ती डागडुजीला जाताना आणि परत येताना हेच पुन्हा करा. एक प्रत देवळात, एक ग्रामपंचायतीत आणि एक गावाबाहेर राहणाऱ्या कुणाकडे ठेवा. खर्च जवळजवळ काही नाही. फोन सगळ्यांच्या खिशात आहे. पुजारी दुखावला आणि म्हणाला, आमच्यावर विश्वास नाही का, तर त्याला सांगा, विश्वास आहे म्हणूनच तुमच्या हातानं करून घेतोय. आणि मग खुशाल डोळे मिटून हात जोडा.